मामांची हिब्रू

जगाच्या पाठीवर कुठेही काही विपरीत घडलं, की त्याची पहिली झळ आमच्या मामांच्या घराला बसायची. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. मुंबईला गोदीत कारकून होते, चांगले कोटबिट घालून कामाला जायचे. इस्रायलला आल्यावर हातात फावडं आलं. दक्षिणेकडच्या रेताड माळावर पत्र्याच्या खोल्यांची वसाहत होती, तिथे ते आमचे शेजारी. दिवसभर रस्त्यावर खडी पसरायची आणि संध्याकाळी दारात बसून मामीला हिब्रू वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. अडचण एवढीच होती की मामांना हिब्रू येत नव्हती.

म्हणजे अक्षरं यायची. आमच्या कोकणातल्या ज्यू लोकांत सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनामंदिराला, मशीद म्हणतात. त्या मशिदीत लहानपणापासून प्रार्थना म्हणून मामांची जीभ चांगली वळली होती. पण प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरांच्या खुणा असतात आणि वर्तमानपत्रात त्या नसतात. मामा स्वर आपल्या पदरचे घालत, जो शब्द प्रार्थनेतला वाटेल त्याला धरत आणि मधली जागा स्वतः भरून काढत. समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळं काढायचे प्रयोग चालले होते, त्याची बातमी आली. मीठ म्हणजे मेलाख आणि राजा म्हणजे मेलेख. मामांनी एका बेटावरच्या राजाला समुद्रात बुडताना बाहेर काढलं आणि मामीला बजावलं की माणूस कितीही मोठा झाला तरी त्याला पोहता आलं पाहिजे. बोलून थांबले असते तर ते मामा कसले! पुढचे आठ-पंधरा दिवस ते खाटेवर पालथे पडून हातपाय मारत होते. आमच्या वसाहतीत प्यायचं पाणी टँकरने यायचं.

युद्ध म्हणजे मिलखामा आणि पाव म्हणजे लेखेम, हे शब्दही हिब्रूत एकमेकांच्या कुशीतले. त्यामुळे शेजारच्या देशाशी लढाई पेटली तेव्हा सगळी वसाहत खंदक खणत होती आणि मामा एकटे पावासाठी रांगेत उभे होते. जगभर पाव संपत आलाय, हे त्यांनी वाचलं होतं. त्या दिवसापासून शिळ्या तुकड्यांची एक गोणी त्यांच्या खाटेखाली आली ती कायमची. आम्ही हसायचो. मामी हसायची नाही. ती तांदूळ निवडता निवडता विचारायची, "आज काय लिवलंय?" आणि मन लावून ऐकायची.

तिला परत जायचं होतं. तोंडाने कधी बोलली नाही, पण अलिबागची आई तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. वसाहतीतली दोन-तीन कुटुंबं कंटाळून मुंबईला परतली, तेव्हापासून मामांच्या वर्तमानपत्रात गावी परत जाणाऱ्यांचे हाल सुरू झाले. ब्राझीलमध्ये एकजण घरी परतला तर कुत्र्याने ओळखलं नाही. स्वीडनमध्ये एकाच्या घरात दुसरंच बिऱ्हाड निघालं. सैन्यात राहून मी हिब्रू शिकलो होतो, मला त्या पानावर संत्र्यांच्या जाहिराती दिसत होत्या. मामांचा राग यायचा आणि तितकीच दयाही यायची. मामीशिवाय त्यांना त्या माळावर एक दिवस काढता आला नसता.

मग मामीच्या भावाचं पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली होती, लेकीचं नाव घेत होती. तिकिटाची सोय तो करणार होता. त्या संध्याकाळी मामी नेहमीसारखी उंबऱ्यावर येऊन बसली. मामांनी वर्तमानपत्र उघडलं आणि बराच वेळ नुसतंच धरून ठेवलं.

"इटलीत एक बाई होती," ते म्हणाले. "तिची आई आजारी पडली. ती जायला निघाली. नवरा काय आड नाय आला."

मामीचा हात सुपात थांबला. "मंग? परत आली ती?"

"ते उद्याच्या पेपरात येल," मामा म्हणाले आणि घडी घालून आत गेले.

मामी अलिबागला गेली. तिची आई पुढे वर्षभर जगली, मग वारली. पण मामी काही आली नाही. थंडी सरली की येते, असं लिहायची. मग उन्हाळा सरला की. नंतर पत्रंही विरळ झाली. मामांना किर्यात गात या गावी नवीन वसाहतीत पक्कं घर मिळालं, कारखान्यात काम मिळालं आणि कारखान्यानेच त्यांना हिब्रूच्या वर्गाला बसवलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. खूप थकलेले दिसले. मी सहज म्हटलं, आता सगळं नीट वाचता येत असेल.

"येतं ना. कांद्याचा भाव असतो, मंत्र्यांची भाषणं असतात," ते म्हणाले. "त्या इटलीच्या बाईचं मात्र अजून काय आलेलं नाय."

त्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं.

"तू एकदा बघ जरा. माझ्या नजरेतनं सुटलं असल."