एकादशीचं सहभोजन

ज्या ट्रस्टच्या अनुदानावर आमचं मुलींचं वसतिगृह चालायचं, त्या ट्रस्टच्या मंडळींइतके उपास करणारी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. आमच्याकडे यायचा दिवस ठरला की त्या दिवशी त्यांचा उपास निघालाच म्हणून समजा. सुरुवातीला मला वाटायचं योगायोग असेल. मी तशी भोळीच होते.

हे सत्तरीच्या दशकातलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि उत्तर नागपुरात आमच्या वस्तीतल्या बायकांच्या मंडळाची सचिव. आम्ही सगळ्या छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरांतल्या. कुही-उमरेडकडच्या खेड्यांत सातवीच्या पुढे शाळा नसायची, आणि शहरात आमच्या मुलींना खोली देणारं कोणी भेटायचं नाही. आडनाव ऐकलं की घरमालकाच्या घरी नेमका त्याच आठवड्यात पाहुणा यायचा असायचा. म्हणून मंडळानं वस्तीतच तीन खोल्या घेऊन चौदा मुली ठेवल्या. सचिव म्हणजे फार मोठा मान वगैरे काही नव्हता. अर्ज लिहायचे मी, तांदूळ निवडायचे मी आणि न्हाणी तुंबली की हात घालायचा तोही मीच.

ट्रस्टचं ऑफिस सीताबर्डीवर होतं. कोण्या एका शेठजीनं मरण्याआधी तो काढला होता, जातिभेद मोडायचं काम करणाऱ्या लहान संस्थांना मदत व्हावी म्हणून. त्यात त्यानं एक अट घालून ठेवली होती. मदत मंजूर करण्याआधी ट्रस्टच्या सदस्यांनी त्या संस्थेत जाऊन, तिथल्या लोकांनी शिजवलेलं अन्न, त्यांच्या पंक्तीला बसून खायचं. म्हातारा स्वतः जेवायचा म्हणतात, आणि भाजी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. तो गेल्यावर ट्रस्ट त्याच्या नात्यागोत्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या हाती आला. अट कागदावर असल्यामुळे ती त्यांना काढता येईना, आणि पाळायचं तर काही त्यांच्या मनात नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही खपून स्वयंपाक केला. वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. प्रताप नगरातल्या नव्या बंगल्यातून अध्यक्षीणबाई मोटारीनं आल्या, सोबत दोन सदस्य बायका आणि ट्रस्टचे चिटणीस. अंगण शेणानं सारवलं होतं, पंगत मांडली. बाई ताटावर बसल्या, ताटाजवळ हात नेला, फोटोवाल्यानं फोटो काढला, आणि मग त्यांना एकदम आठवलं की आज गुरुवार आहे. दोघी सदस्य बायकांनाही आठवलं. त्यांनी सोबत संत्र्यांची टोपली आणली होती. त्यातलं एकेक संत्रं त्यांनी आपल्या हातानं सोलून खाल्लं, बाकीची मुलींना वाटली, आणि "किती छान ठेवलंय हो सगळं" म्हणत मोटारीत बसल्या.

दुसऱ्या वर्षी मी चिटणिसांना सांगून मुद्दाम गुरुवार टाळला. तर त्या दिवशी संकष्टी निघाली. पुन्हा ताट, पुन्हा फोटो, पुन्हा संत्री.

ह्यानंतर एक छापील कागद यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं की ट्रस्टच्या सदस्यांनी संस्थेतील हरिजन विद्यार्थिनींनी शिजवलेलं अन्न त्यांच्या पंक्तीत बसून ग्रहण केलं. खाली माझी सही लागायची. मी 'हरिजन' खोडून 'बौद्ध' लिहायची, चिटणीस सुस्कारा सोडायचे, आणि दोन्ही वर्षं मी सही करून दिली. एका शब्दासाठी भांडले म्हणून मला वाटायचं की आपण फार ताठ कण्याच्या. बाकीचं वाक्य सगळं खोटं होतं, ते मी मुकाट्यानं गिळलं.

तिसऱ्या वर्षी चिटणिसांची चिठ्ठी आली की मंडळी माघातल्या एकादशीला येतील. तारीख त्यांनीच ठरवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बरं. उपास तर उपास. आपण उपासाचंच करू, मग पाहू काय निघतं ते.

आता आमच्या घरांतून उपासतापास दीक्षेबरोबरच गेले होते. माझ्या सासूबाईंना तर बाकी कशापेक्षा त्याचाच जास्त आनंद झाला होता, कारण त्यांना भूक धरवत नसे. त्यामुळे उपासाला काय चालतं, हे त्या चौदा मुलींपैकी एकीलाही धड माहीत नव्हतं. सगळ्यांत चांगला हात होता तो मॅट्रिकला बसलेल्या मुलीचा. कुहीकडची होती, धानाच्या बांधीत वाढलेली. गणितात अशी पक्की की मी तिच्याकडून माझ्या शाळेच्या वह्या तपासून घ्यायची. तिच्या बापानं तिला पाठवताना सांगून ठेवलं होतं, मॅट्रिक झाली तर पुढचं बघू, नाही तर परत रोवणीला ये. वसतिगृह बंद पडलं असतं तर तिला परीक्षेपर्यंतसुद्धा नागपुरात राहायला जागा नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आमच्या वस्तीला लागून कोष्ट्यांची गल्ली होती, दिवसभर हातमागांची खटखट चालायची. तिथल्या एका बाईला ह्या मुलीनं जाऊन साबुदाण्याची उसळ विचारली. तिनं सगळं सांगितलं. साबुदाणा किती भिजवायचा, कूट किती जाड, बटाटा कसा चिरायचा. हळद टाकू नको हे मात्र सांगितलं नाही, कारण उपासाला कोणी हळद टाकतं हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि मुलीच्या डोक्यात हे आलं नाही की हळदीशिवाय फोडणी असते.

एकादशीला मंडळी आली. उसळ मोत्यांसारखी मोकळी झाली होती आणि शेवंतीसारखी पिवळी. मी ते ताट पाहिलं तरी माझ्याही काही लक्षात आलं नाही. मी नुसती अध्यक्षीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"आज एकादशी," बाई बसता बसताच म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. "उपासाचंच केलं आहे."

बाईंचा चेहरा पडला. खरंच पडला, मी काही वाढवून सांगत नाही. चिटणीस चष्मा पुसायला लागले. सदस्य बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. मुलगी पातेलं आणि पळी घेऊन समोर उभी होती, आणखी वाढायला. तेवढ्यात बाईंनी ताटात वाकून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अगं, हळद घातली का गं ह्यात?"

"हो," मुलगी म्हणाली.

"अरेरे. हळद चालत नाही उपासाला. एवढी मेहनत केली पोरीनं! कोणी सांगितलं नाही का तुला?" इतक्या मायेनं बोलल्या की कोणालाही वाटावं, ह्यांना न खायचं केवढं दुःख झालं. मग संत्री सोलली गेली.

मुलींनी ती उसळ खाल्ली. जिनं केली होती तिनं खाल्ली नाही. चुलीजवळ बसून राहिली आणि मी भांडी उचलायला गेले तेव्हा म्हणाली, "बाई, हळद नसती टाकली तं त्यायनं खाल्लं असतं ना?"

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "जाऊ दे वं. अभ्यासाला बस."

एवढंच म्हटलं. त्या वेळी मला वाटलं की मी तिला जपते आहे. सोळा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, की तुझ्या हाताचा त्यांना विटाळ होतो म्हणून? खेड्यातून आलेली होती, तिला काय हे नवं होतं? पण तिथलं तिथं ठेवून ती इथे आली होती, मग ते मीच पुन्हा तिच्या पुढ्यात कशाला वाढू? असं आपलं मी माझ्या मनाला सांगितलं.

आठवड्यानं चिटणीस तो छापील कागद घेऊन आले. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं.

"अहो ताई, किती क्षुल्लक गोष्ट!" ते म्हणाले. "उपासाचा दिवस, त्यात पदार्थ चुकला. आता त्याला कोण काय करणार?"

"मग तसं लिहा. पदार्थ चुकला म्हणून खाल्लं नाही, असं लिहा. मी लगेच सही करते."

"तसा रकाना नाही त्यात."

"मग रकाना पाडा."

ते कागद टेबलावर ठेवून गेले. चार दिवसांनी ट्रस्टचं पत्र आलं की सही केलेला कागद मिळाल्याशिवाय आपला अर्ज बैठकीपुढे ठेवता येणार नाही. मंडळाच्या बायकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, करून टाक सही, आजवर केलीच ना. दुसरा म्हणे, मुळीच करू नको. आणि दोन्ही तट संध्याकाळी आपापल्या घरी जायचे. चौदा मुली आणि तो कागद माझ्याकडे राहायचा. मला ह्या सगळ्याचा असा वीट आला होता की शाळेत विनाकारण मुलांवर ओरडायची.

ह्या धांदलीत मॅट्रिकच्या मुलीकडे माझं लक्ष राहिलं नाही. तिनं स्वयंपाकाची पाळी सोडून दिली होती. तिची पाळी दुसऱ्याच मुली करायच्या आणि ती नुसती भांडी घासायची. माझ्या वह्या तपासल्या त्यात तीन बेरजा चुकल्या होत्या. मला वाटलं परीक्षेची भीती.

एका सकाळी शाळेला निघताना तिनं मला दारात गाठलं.

"बाई, मी कुहीले जातो."

"काहून? परीक्षा तोंडावर आली आहे."

"माह्यानंच बिघडलं ना सगळं. मी गेली तं तुमी त्यायले सांगा, जिनं हळद टाकली ते पोरगी काढून टाकली. मंग ते देतीन पैसे. बाकीच्या पोरी तरी शिकतीन."

तिचं बोचकं बांधून तयार होतं. दाराच्या आड ठेवलेलं मला दिसलं. मी तिला आत ओढलं, टेबलाजवळ बसवलं आणि जे दोन आठवड्यांपूर्वी चुलीजवळ सांगायचं होतं ते सांगितलं.

"हळद नसती तरी त्यांनी खाल्लं नसतं."

"खरं सांगून राहिल्या?"

"खरं. हळद नसती तर मीठ चुकलं असतं. मीठ बरोबर असतं तर निर्जळी निघाली असती. त्यांना आपल्या हातचं खायचंच नव्हतं. ह्या वर्षी नव्हतं, मागच्याही वर्षी नव्हतं. तुझं काही चुकलेलं नाही."

मला वाटलं आता ही रडेल. तिनं मात्र एवढा मोठा श्वास सोडला.

"मंग बरं झालं, बाई," ती म्हणाली. "मी तं रोज म्हणून राहिली, माह्या एका चिमटीनं चौदा जणींची शाळा गेली."

मग तिनं टेबलावरचा तो कागद वाचला. सावकाश, गणित वाचावं तसा, शेवटच्या ओळीपर्यंत.

"सही करून टाका."

"खोटं आहे ते सगळं."

"ते तं हायच. त्यायले माहीत हाय, तुमाले माहीत हाय, आता मलेही माहीत झालं. मले परीक्षेले बसायचं हाय, बाई."

मी सही केली. त्या दिवशी 'हरिजन' खोडायचंही मला सुचलं नाही, ते तिनंच माझ्या हातून पेन घेऊन खोडलं, वर 'बौद्ध' लिहिलं आणि बोचकं सोडायला आत गेली.

अनुदान आलं. ती मॅट्रिक झाली, पुढे नर्सिंगला गेली. त्या बायकांवर माझा राग आहे आणि तो राहणार. पण त्यांनी तिचं एक ताट नाकारलं, अर्ध्या तासाचं काम. त्यानंतरचे पंधरा दिवस ती पोर स्वतःला दोष देत माझ्या डोळ्यांसमोर भांडी घासत होती, आणि ते मी होऊ दिलं.