कुलूपवाल्या माया गमरे

धम्मपाल गमरे वारला, तेव्हा मानपाडा रस्त्यावरची त्याची चाव्यांची टपरी आठवडाभरही बंद राहिली नाही. तो असताना त्याची बायको माया दिव्याच्या घरून त्याचा डबा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकं जास्त असली की कानस हातात घ्यायची. असं करता करता तिचा हात नवऱ्याइतकाच सफाईदार झालेला. आता ती एकटीच बसू लागली. लोक टपरीत डोकावायचे आणि विचारायचे, "चावीवाले नाहीत का?"

"मीच आहे. द्या," माया म्हणायची.

सरकार कारागिरांना प्रशिक्षण, अवजारं आणि ओळखपत्र देतं, हे तिच्या मुलीने, दीप्तीने, मोबाइलवर वाचलं. यादीत कुलूपवालेही होते. माया असे अर्ज भरून देणाऱ्या जवळच्याच एका केंद्रावर गेली. तिथल्या केदारने भराभर अर्ज भरला. कानस घासून घासून पुसट झालेला तिचा अंगठा मशीनवर चौथ्या खेपेला उमटला.

चार महिन्यांनी मेसेज आला : शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठी कल्याणला हजर राहावे.

माया तडक केदारकडे गेली.

"लेडीज म्हटल्यावर मी टेलरच टाकलं, ताई," तो म्हणाला. "शिलाई मशीन मिळतंय, सोडताय कशाला?"

"अरे, मला धड बटण लावता येत नाही."

"कोण बघतंय? पाच दिवस बसायचं, सही करायची, विषय संपला."

घरी दीप्तीचंही तेच मत पडलं. माया गेली. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या टिटवाळ्याच्या शेवंतीने तिची वाकडीतिकडी शिवण पाहिली आणि ती उसवून नीट घालून दिली. शेवंती घरी उसन्या मशीनवर ब्लाउज शिवायची. स्वतःच्या मशीनसाठी तिने दोनदा अर्ज केलेला, तेव्हा कुठे तिचा नंबर लागला होता. जेवणाच्या सुट्टीत मायाने डबा तसाच झाकून ठेवला. ती उठून शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडमकडे गेली.

"मॅडम, मी टेलर नाही. चाव्या बनवते. माझं नाव काढा."

मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "नाव काढलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागेल. परत मंजूर होईलच असं नाही."

"चालेल."

जुना अर्ज रद्द व्हायला पावसाळा गेला, नवा पुढे सरकायला हिवाळा. मग एका दुपारी पालिकेचा माणूस पडताळणीला टपरीवर आला.

"काम कोण करतं? भाऊ, दीर कोणी?"

"तुमच्या गाडीची चावी द्या," माया म्हणाली.

त्याने दिली. मायाने ती कोऱ्या चावीसोबत पकडीत आवळली, खाचा घासल्या, दोनदा उजेडात धरून पाहिल्या. नव्या चावीने बाईक पहिल्या झटक्यात चालू झाली. साहेबाने बाईक बंद केली, टपरीचा फोटो काढला आणि कागदावर सही केली.

कुलूपवाल्यांच्या प्रशिक्षणात अकरा पुरुष होते आणि माया. अवजारांच्या पेटीत बहुतेक तेच निघालं जे धम्मपालने जमवून ठेवलेलं. दीप्ती हिरमुसली. "एवढं करून हेच?"

मायालाही थोडं तसंच वाटलं. पण ओळखपत्राचा उपयोग तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पूर्वी कुणाचा फ्लॅट लॉक झाला की ती सोसायटीच्या गेटपर्यंत जायची, आणि वॉचमन तिला तिथूनच परत पाठवायचा. बंद दार उघडायला आलेल्या अनोळखी बाईला आत कोण सोडणार? आता ती कार्ड पुढे करायची, वॉचमन रजिस्टरमध्ये नंबर उतरवून घ्यायचा आणि लिफ्टकडे बोट दाखवायचा. दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी तिचा फोन नंबर नोटीस बोर्डावर लावला.

वर्षभरात ही कामं इतकी वाढली की आठवड्यातून दोन दिवस टपरीवर दीप्ती बसू लागली.