कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या

पंपदुरुस्तीच्या त्या कारखान्यात भांडारपालांनी एकतीस वर्षे एकच नियम पाळला होता: बोट दाखवून कुणालाही वस्तू मिळणार नाही. जाळीच्या खिडकीशी येऊन वस्तूचे नाव सांगायचे; ते नाव ते स्वतः मोठ्याने उच्चारीत आणि मगच वस्तू हातात ठेवीत. कामगार त्यांना मामा म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. भांडार मोजून, आपल्या हाताने पुढच्या माणसाच्या स्वाधीन करून बाहेर पडावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

एका मंगळवारी सकाळी फिटर खिडकीशी आला. "मामा, कानस द्या."

"कानस," मामा म्हणाले आणि जागीच थबकले. शब्द नीट ऐकू आला होता. पण दार उघडावे आणि आत खोलीच नसावी, तसे त्याच्यामागे काही नव्हते. ते फळ्यांकडे वळले. तिथली कोणती तरी एक वस्तू गुपचूप बसून आपली मजा पाहते आहे, असे त्यांना वाटले.

"नमुना आण," ते सावरून म्हणाले.

"कानशीचा नमुना? मामा, वस्तू द्यायचीय की स्थळ बघायचंय?"

खिडकीशी हशा पिकला. लोखंड घासून झिजलेली कानस आली. तिला स्पर्श होताच बोटांनी तिच्या जोडीची नवी कानस अचूक काढून दिली. बोटांना ठाऊक होते. मामांना नव्हते.

पुढे मनातून पाना गेला, करवत गेली, नळी गेली. घरी बायकोने वाटी मागितली की ते तिच्या नजरेचा रोख पाहून हात पुढे करीत. आठवड्याभरात ते तिच्या ध्यानात आले आणि ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी कंगव्याचे चित्र समोर धरले. "हे काय, काका?"

"पूर्वी मला हे माहीत होतं."

"बरं, तडजोड म्हणजे काय?"

"दोघांनी थोडं थोडं कमी घ्यायचं, आणि दोघांनीही पुरेसं मिळाल्यासारखं वागायचं."

बाईंचे पेन थांबले. "बहुतेकांचं उलट असतं," त्या बायकोला म्हणाल्या. "पाहिलेल्या, हाताळलेल्या वस्तूंची नावं पक्की राहतात, जे दिसत नाही, त्याचे शब्द आधी सुटतात. रूप, स्पर्श आणि उपयोग जिथं एकत्र येऊन मनात वस्तू होते, यांची नेमकी तीच जागा झिजत चालली आहे."

"मग आता कामावर जायचं नाही," बायको म्हणाली.

"आठ महिने निभेल," मामा म्हणाले.

"अहो, वाटी कळेना झालीय तुम्हाला."

"कळत नाही असं नाही. सापडत नाही."

कप्प्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या त्यांना वाचता येत. पण वाचून डोळ्यांसमोर काही उभे राहत नसे. म्हणून त्यांनी त्या काढून टाकल्या. प्रत्येक कप्प्यात हात घालून ते वाट पाहत, आणि जो शब्द येई तो स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहून चिकटवीत. वॉशरांवर 'संकोच'. बेअरिंगांवर 'आळस'. तुटक्या दात्यांच्या चाकांवर 'पश्चात्ताप'.

फिटरने जाळीतून ते वाचले. या वेळी कुणी हसले नाही.

"मामा," त्याने हळूच विचारले, "'सूड'मध्ये काय आहे?"

मामांनी क्षणाचाही विलंब न लावता एक आखडलेली स्प्रिंग त्याच्या तळव्यावर ठेवली. फिटरला मूठ मिटवेना. त्या वस्तूचे दुसरे नाव काय होते, ते त्याला घटकाभर आठवेना.

दुपारी साहेब आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. "मामा, भांडाराच्या किल्ल्या द्या."

मामांनी मनापासून शोध घेतला. एक वस्तू आणून टेबलावर ठेवली. साहेबांनी मान हलवली. दुसरी आणली. तिसरी आणली. टेबल भरत गेले. अखेर साहेबांनीच वाकून त्यांच्या कमरेचा जुडगा सोडवून घेतला आणि फिटरला खालच्या आवाजात म्हणाले, "आता यांचा भरवसा धरता येणार नाही."

'भरवसा' हा शब्द मामांना लख्ख कळला.

ते टेबलावरच्या वस्तू एकेक उचलून जिथल्या तिथे ठेवू लागले. एकही कप्पा चुकला नाही. साहेब जाळीबाहेर कुलूप हातात घेऊन उभे राहिले.