जाळीसाठी कापलेला कागद

पान्ह्या,

हे पत्र तुला हातात धरता येणार नाही. थोरली बहीण म्हणून मलाच ते वाचून दाखवावं लागेल. म्हणून तर पडून आहे.

चाळीस वर्षं हातात पान्हा घेऊन तू लोकांचे नळ दुरुस्त केलेस, म्हणून हे नाव. बायको गेल्यावर घर विकलंस, भंगारातली डिलिव्हरी व्हॅन घेतलीस आणि समुद्रकाठच्या पायवाटेशेजारी उभी केलीस. आत एक पलंग, गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन. पायी फिरणारे मुक्कामाला यायचे, त्यावर तुझं पोट चालायचं. पाहुणा आला की तू तंबूत.

"ताई, समोर समुद्र आणि पाहुणा उद्या जाणारा. आणखी काय पाहिजे?"

"संडास," मी म्हटलं. हसता हसता तुला ठसका लागला.

शेगडीखाली, व्हॅनच्या तळाला, तू वाटीएवढं भोक पाडलं होतंस. गॅस गळला तर खाली बसतो, तिथून निघून जावा म्हणून. "हे बुजवायचं नाही," असा प्रत्येकाला दम द्यायचास. पण थंडीत त्यातून वारा शिरायचा. एक जोडपं तर सामान उचलून चालतं झालं. मग तूच पायपुसण्याचा तुकडा त्यात कोंबलास. चार दिवसांपुरता, म्हणे.

मापं तू कायम कागद कापूनच घ्यायचास. तसाच एक गोल कापून माझ्या हातात ठेवलास. "शहरात या मापाची झडपवाली जाळी मिळते. वारा आत येत नाही, गॅस बाहेर जातो. तेवढी आण."

मी गेले. दुकानात पुढे सात माणसं. दहा मिनिटं उभी राहिले, वैतागले, परत आले. फोनवर तुला ठोकून दिलं, "नाही मिळाली."

"बरं, पुढच्या आठवड्यात बघ."

चौथ्या दिवशी सकाळी तू चहासाठी काडी ओढलीस.

जीव वाचला. व्हॅनचा सांगाडा उरला. बोटं अशी आखडलीत की पान्हा सोड, चमचासुद्धा धरवत नाही. भेटायला येईल त्याला सांगतोस, "चूक माझीच. ताईनं बिचारीनं दुकानं पालथी घातली, जाळीच नव्हती." मी तुझ्या तोंडात पुढचा घास घालते.

परवा पर्समधून तो कागद निघाला.

"काय गं ते?"

"काही नाही. जुनं बिल."

दर मंगळवारी तुला दवाखान्यात नेते, तेव्हा ते दुकान वाटेत लागतं. जाळ्या दारातच टांगलेल्या असतात. मी टॅक्सी थांबवत नाही.