दहापैकी आठ

लाल स्केचपेनचं टोपण उघडलं, की त्या गोडसर वासानं मला तो दिवस आठवतो. लेक दुसरीत होती आणि मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होते. स्वाध्याय जमा करायचा शेवटचा दिवस. मी भाकरी थापत होते तेवढ्यात तिनं माझी सगळी पानं तिच्या मॅडमसारखी तपासून टाकली. पानोपानी लाल खुणा, शेवटी दहापैकी आठ आणि खाली ‘अक्षर सुधारा’. मला रडूच आलं. तरी तोंडून निघालं, “दोन मार्क काऊन कापले?” ती म्हणाली, “घाईघाईनं लिहून राह्यली होती ना तू.” पुन्हा लिहायला वेळ नव्हता. तिला घेऊन खच्चून भरलेल्या जीपनं चिखलीच्या केंद्रावर गेले आणि सरांपुढे मान खाली घालून उभी राहिले. सरांनी एकेक पान उलटलं, आठाच्या खाली सही केली आणि लेकीला म्हणाले, “मॅडम, मीबी आठच देले असते.” परतताना आम्ही दोघींनी एकाच कागदातली गरम भजी खाल्ली. परवा तिनं तिचा कॉलेजचा प्रकल्प मला वाचायला दिला. फार सुरेख लिहिला होता. मी लाल पेन शोधून आणला आणि आठच दिले.