परत दिलेला गाळ

यंदाच्या ऊसतोडीच्या हंगामात धारूरजवळच्या एका ओढ्यातून घेतलेला गाळाचा नमुना आम्ही त्याच दुपारी परत दिला. त्यात एका बाईची राख होती.

आमचे काम युरेनियमचा माग काढण्याचे. डोंगरात जे झिजते ते ओढ्याच्या गाळात उतरते. म्हणून प्रत्येक ओढ्यावर पाण्याची बाटली भरायची, जवळजवळच्या तीन-चार जागांचा गाळ चाळायचा आणि बारीक तेवढा एकाच कापडी पिशवीत मिसळायचा. त्या वळणावरचा करडा, मऊ गाळ आम्हाला उत्तम वाटला.

पिशवीचे तोंड बांधत असताना एक तरुण मुलगी आणि तिचा चुलता आले.

"ओ सायेब, चिखल कावून नेता?" चुलत्याने विचारले. "तुमच्याकडं संपला काय?"

"तपासायला," आमचे प्रमुख म्हणाले.

"मग आमची म्हैस बी तपासा. रोज ह्यातच लोळतीय."

बोलता बोलता त्याची नजर वळणाकडे गेली. तिथला उकरलेला गाळ त्याने पुतणीला दाखवला.

मुलीची आई उसाच्या फडात वारली होती. अंत्यविधीसाठी तिला गावी आणले होते. आदल्या दिवशी राख सावडली. अस्थी गाडग्यात ठेवल्या आणि राख ओढ्यात सोडली. पाणी इतके कमी होते की ती वळणापुढे गेलीच नव्हती.

"ताई, माय हाय त्यात," मुलगी मला म्हणाली. "तेवढी काढून द्या."

सगळे मिसळले आहे, वेगळे काढता येणार नाही, असे मी सांगितले.

"मग समदंच द्या. तिला मशिनीत घालताल तुमी."

प्रमुखांनी पिशवी तिच्या हातात दिली. बाटलीतले पाणीही ओढ्यात ओतले.

"वाहतं पानी कुठं हाय?" तिने विचारले. दुसऱ्या दिवशी ऊसतोड टोळीचा ट्रक निघणार होता आणि तिला त्यात जायचे होते.

सकाळी आम्ही तो ओढा चालून पाहिला होता. खाली दुसरा ओढा येऊन मिळतो, तिथे बारीक धार होती. दोघांना जीपमधून तिथे नेले.

मुलीने पिशवी धारेत उलटी केली. मग आतली बाजू बाहेर काढून शिवणीसुद्धा धुतल्या.

"आता जाईल बग गंगेला," चुलता म्हणाला.

ती काठावर बसून राहिली. उठली तेव्हा पाणी नितळ झाले होते. गाळ तिथेच तळाशी बसला होता.