बाबांचं राहिलेलं झुलूप

माझ्या वडिलांचा आत्मा केसांत अडकला होता, आणि अडकवला होता मी.

बाबा महाड-पोलादपूर जीप चालवायचे. गाडीच्या आरशात त्यांनी मागची वाहनं क्वचित आणि स्वतःचे केस सतत पाहिले. (तरी अपघात एकही नाही. देवाची कृपा आणि खोबरेल तेल!) मी मुंबईत कार्टूनमधली माणसं हलवतो. आजारपणात औषधांनी बाबांचे सगळे केस गेले, तेव्हा त्यांनी मला फर्मावलं, "माझं कार्टून कर. पण केस पुठ्ठ्यासारखे नकोत. मान वळवली की कपाळावरचं झुलूप हललं पायजे!"

चित्र सपाटच असतं, म्हणून केसांचे थर वेगवेगळे काढायचे. मान वळली की पुढचं झुलूप जास्त सरकवायचं, मागचे केस उलट्या बाजूला, आणि झुलूप जरा उशिरा थांबवायचं. मग सपाट डोकं गोल भासतं. मागचे केस झाले, बाजूचे झाले. झुलपाचं मी "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हटलं. बाबा त्याच आठवड्यात गेले.

दहाव्याला सावित्रीच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना! समोरच्या आंब्यावर सात-आठ जण बसलेले, पण एकालाही भूक नाही.

काका हात जोडून ओरडले, "दादा, वहिनीला आम्ही सांभाळू!"

कावळे ढिम्म.

"तुझी जीप विकणार नाय!"

ढिम्म.

"बिरवाडीवाल्यांशी भांडण मिटवू!" आत्या म्हणाली. एक कावळा उडाला, तोही उलट्या दिशेला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

शेवटी आई पुढे झाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचे केस राहिलेत."

सगळे माझ्याकडे वळले. मी नुकतंच डोकं भादरून, ओला पंचा गुंडाळून उभा! "बाबा, झुलूप पुरं करतो," मी पुटपुटलो.

"तुझ्या शब्दावर कावळा कसा येल रे?" काका खवळले. "किती झालंय ते दाखव त्याला!" आणि त्यांच्याकडे सांभाळायला दिलेला माझाच मोबाइल त्यांनी माझ्या हातात कोंबला.

मी तो पिंडासमोर धरला. बाबांनी मान वळवली. मान गेली डावीकडे, केस राहिले उजवीकडे, हवेत, एकटेच! (थर डोक्याला जोडायचेच राहिले होते.) आत्या फिस्सकन हसली. मग काका. मग आई दहा दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता अशी रडली की मला नदीत तोंड लपवावंसं वाटलं. त्या गडबडीत कधीतरी कावळा पिंडाला शिवून गेला.

पुढे महिनाभर मी रोज झुलूपच करत बसलो. एकेक बट वेगळी, तेलाची चमक वेगळी. पुरं झाल्यावर आईला दाखवलं. बाबांनी मान वळवली, झुलूप कपाळावर आलं, डुललं, थांबलं. आईने तीनदा पाहिलं.

"केस हुबेहूब त्यांचेच हायत," ती म्हणाली. "पण खाली तोंड तुझं कशाला लावलंस?"

चेहरा मी मुंबईत आरशात बघून काढला होता. बाबा समोर बसायला एका पायावर तयार होते, पण मुंबईच्या साहेबांना, म्हणजे मला, रजा नव्हती!